मांजराला अर्धी गोळी, सकाळ-संध्याकाळ

सर्व संबंधितांनी, विशेषतः गंगापूर रोडवरच्या जाणत्या आणि अनुभवी मंडळींनी, हातातला कप खाली ठेवून, शक्य असल्यास उभं राहून, पुढील निवेदन ऐकावं. मी आज जे सांगणार आहे त्याने माझ्या सासरच्या घराण्याची अब्रू जाणार आहे आणि म्हणूनच ते सांगताना मला अतिशय आनंद होत आहे. ज्या घराण्याने कालव्यांची आखणी केली, देवळ्याच्या शिवारात लोकांच्या शंभर एकरांवरच्या कांद्याला नाकं मुरडली, आणि न विचारता निदान पन्नास लोकांना सल्ले दिले, त्या घराण्याला पावणेतीन किलोच्या एका मांजराच्या तोंडात अर्धी गोळी घालता आली नाही. एक वेळ नाही, दोन वेळा नाही, सलग तीन दिवस. आणि त्या तीन दिवसांत मांजर मरायला टेकलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत, तीनमजली सोसायटीत, पहिल्या मजल्यावर राहत होतो. आम्ही म्हणजे सासू, सासरे, माझा नवरा आणि मी. नवऱ्याबद्दल या गोष्टीत फारसं काही येणार नाही, कारण तो अंबडच्या एका कंपनीत होता आणि घरात काही बिघडलं की त्याला हमखास ओव्हरटाइम लागायचा.

मांजर सासूबाईंचं. पांढरी मादी, पाठीवर एक पिवळा डाग, चेहऱ्यावर कायम कुणीतरी अपमान केल्याचा भाव. मला विचाराल तर त्या प्राण्यात प्रेम करण्यासारखं काहीही नव्हतं. सासूबाईंना मात्र ते सोडून घरात कुणी शहाणं वाटायचं नाही, आणि आता मागे वळून पाहिलं तर त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

त्या थंडीत सासूबाईंच्या पुण्याच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तीन आठवडे जायचं ठरलं. निघताना दारात चप्पल घालता घालता त्यांनी सासऱ्यांना बजावलं,

"सिलिंडर संपला तर सूनबाई बघेल. दूधवाल्याचं सूनबाई बघेल. तुम्ही फक्त मांजर बघा. मी आले की मला ती जिवंत पाहिजे. मागच्या खेपेसारखं नको."

मागच्या खेपेला त्या आठ दिवस गावाला गेल्या असताना सासऱ्यांनी पिंजरा धुवायचा म्हणून पोपट बाहेर काढला होता. पोपट बाहेर आला, गॅलरीच्या कठड्यावर बसला, सासऱ्यांकडे एकदा बघितलं आणि कॉलेज रोडच्या दिशेने निघून गेला. सासूबाईंनी त्यानंतर जो अबोला धरला तो दिवाळीपर्यंत टिकला. पाच महिने. बोलायचंच असलं तर माझ्यामार्फत. "त्यांना म्हणावं, आमटी गार होतेय." समोर तीन फुटांवर सासरे. मी मधे उभी, दोन देशांच्या मधल्या पोस्टमनसारखी. तेव्हा मांजर जिवंत राहणं ही सासऱ्यांची गरज होती तितकीच माझीही.

सासरे पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. वय त्रेसष्ट. हिवाळा असो की नसो, माकडटोपी. जगातलं कुठलंही काम त्यांना 'बेसिकली सोपं' वाटायचं, आणि ते काम दुसऱ्याने करायचं असलं की आणखीच सोपं.

सासूबाई जाऊन दुसराच दिवस. मांजर सकाळी घरी आलं ते मागचा पाय उचलून. मागच्या बंगल्यातल्या दांडग्या बोक्याने मांडीला चावा घेतला होता. सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि निदान केलं, "किरकोळ आहे." दुसऱ्या दिवशी मांडी फुगली, अंग तापलं आणि बाईसाहेबांनी दुधाकडे पाठ फिरवली. मग आम्ही तिला भाजीच्या प्लास्टिकच्या करंडीत घातलं, वरून माझी ओढणी बांधली आणि रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे बाकावर दोन शेळ्या आणि त्यांचे मालक. बाहेर झाडाला बांधलेली म्हैस. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, सत्तावीस-अठ्ठावीसची, केस वर बांधलेले, मनगटावर ओरखडे. तिने सासऱ्यांकडे बघितलं आणि पहिलाच शब्द उच्चारला, "बसा आजोबा." सासऱ्यांचा चेहरा उतरला तो मी जन्मभर विसरणार नाही.

तिने पाय तपासला, एक इंजेक्शन दिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. अर्धी गोळी, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस.

"एकही खाडा नको," ती म्हणाली. "आत पू धरतोय. गोळ्या नीट पोटात गेल्या तर जिरेल. नाही गेल्या तर विष रक्तात पसरेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. गोळी कशी द्यायची ते दाखवते."

आणि तिने दाखवलं. मांजर, तोंड, गोळी, गप्प. चार सेकंद. मी करंडी सांभाळत होते, मला काही दिसलं नाही. सासरे त्या चार सेकंदांत भिंतीवरचा गायींच्या जातींचा तक्ता वाचत होते.

"कळलं का आजोबा? की परत दाखवू?"

"नको नको," सासरे म्हणाले. "मी इंजिनिअर आहे."

हे वाक्य मी त्यानंतर कित्येक वेळा, कित्येक प्रसंगी, त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं आहे. आमच्याकडे लग्नकार्यात त्याची फर्माईश होते.

संध्याकाळची पहिली गोळी. इंजिनिअरसाहेबांनी वरवंट्याने तिची पूड केली, पूड दुधात ढवळली आणि वाटी मांजरापुढे ठेवली. "बेसिकली सोपं आहे," असं ते वाटीला म्हणाले. मांजराने वास घेतला. मग तिने पुढच्या पायाने फरशी खरवडून त्या दुधावर माती ओढल्याचा अभिनय केला, म्हणजे तिच्या दृष्टीने ते काय होतं हे तुम्हाला कळलंच असेल. दूध फेकून दिलं. सकाळी पेढ्यात घालून दिली. पेढा खाल्ला, गोळी सोफ्याखाली सापडली. एक गोष्ट मात्र साध्य झाली. आता तिला दुधाचाही संशय आणि पेढ्याचाही. एरवी जे थोडंफार पोटात जायचं तेही बंद.

त्याच सकाळी अकराच्या सुमाराला देवळ्याहून सासऱ्यांचे धाकटे भाऊ आले. कांदा घेऊन लासलगावला गेले होते, तिथून आम्हाला एक गोणी कांदे आणि आपला अनुभव देण्यासाठी वाट वाकडी करून आलेले. पांढरी टोपी, दणदणीत आवाज. मोठ्या भावाच्या हातावरचे ओरखडे बघून ते हसले.

"भाऊ, हाई मांजर शे का वाघ शे?" आणि मला म्हणाले, "सूनबाई, आम्ही बैलले औषध पाजतस. आठशे किलोना बैल! हाई त काहीच नही."

बैलाला औषध पाजतात ते असं. एकाने शिंगं धरायची, मान आभाळाकडे उचलायची, जीभ बाजूला ओढायची आणि बांबूच्या नळीने औषध घशात ओतायचं. काकासासऱ्यांनी हे सगळं सोफ्यावर बसून हातवारे करून समजावलं. शिंगं नव्हती म्हणून त्यांनी कान धरायचं ठरवलं. बांबूची नळी नव्हती म्हणून त्यांनी रिफिल काढलेलं बॉलपेन मागितलं. आठशे किलोच्या बैलाला सरळ करणारा माणूस मांजराकडे वाकला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण ते फार लवकर झालं. 'नही' आणि 'आई गं' हे दोन शब्द एकाच वेळी ऐकू आले. मांजर पडद्याच्या दांडीवर होतं. गोळी काकासासऱ्यांच्या टोपीत होती. त्यांच्या नाकावर तीन समांतर रेघा होत्या. मी हळद आणून लावली. चहा घेऊन ते पाऊण तासात देवळ्याला निघून गेले, आणि जाताना कांद्याला भाव नाही हेही म्हणाले नाहीत. यावरून त्यांची अवस्था समजून घ्यावी.

त्या संध्याकाळी सासूबाईंचा पुण्याहून फोन आला.

"मांजर काय करतंय?"

"मजेत आहे," सासरे म्हणाले. मांजर पलंगाखाली कोपऱ्यात डोळे मिटून पडलं होतं.

"जरा फोन तिच्या कानाला लावा. माझा आवाज ऐकला की बोलते ती."

सासऱ्यांनी रिसीव्हर हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मांजराच्या अंगात म्याँव करण्याइतकी ताकद नव्हती. मग पाटबंधारे खात्याच्या त्या निवृत्त अधिकाऱ्याने, माकडटोपी घातलेल्या त्या माणसाने, डोळे मिटले, तोंड रिसीव्हरजवळ नेलं आणि म्याँव केलं.

"घसा बसलाय का तिचा?" सासूबाई म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. इतकी मी त्याआधी कधी हसले नव्हते. पण हसून बाहेर आले तर सासरे पलंगाशेजारी जमिनीवर बसले होते आणि आत हात घालून मांजराचा कान चाचपत होते. "तापलाय गं," एवढंच म्हणाले. हसू तिथेच संपलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. पाच मुलं, नऊ नातवंडं, आणि या चौदा जणांना गुटी पाजल्याचा अभिमान. आमच्या सोसायटीत त्या बाळंतिणींचं सर्वोच्च न्यायालय होत्या. पुरुषांचं काम नव्हेच हे, असं जाहीर करून त्यांनी पदर खोचला आणि घरून बोंडलं घेऊन आल्या. बोंडलं म्हणजे चोच असलेली ती चिमुकली वाटी, जिने तान्ह्या बाळाला दूध किंवा औषध पाजतात. चांदीचं होतं, काकूंच्या लेकीच्या बारशातलं.

"अगं, पोरं काय कमी नाटकं करतात?" त्या म्हणाल्या. "पायावर घ्यायचं, नाक दाबायचं, ओतायचं. नाक दाबलं की गिळतंच."

मला हे पटलं. हे मी कबूल करते, कारण आतापर्यंत मी सगळ्यांना नावं ठेवली आणि आता पाळी माझी आहे. पुरुषांनी घातलेला गोंधळ बघून मला कुठलीही बाई कुठल्याही पुरुषापेक्षा जाणती वाटत होती. गोळी पाण्यात विरघळवून मीच बोंडल्यात भरली. टॉवेलही मीच आणला. काकू पाय लांब करून जमिनीवर बसल्या. बाळाला न्हाऊ घालताना घेतात तसं त्यांनी मांजराला पायांवर उताणं घेतलं. मी पाय धरले. तापाने गळालेलं मांजर फारसं झगडलंसुद्धा नाही. काकूंनी दोन बोटांनी तिचं नाक दाबलं आणि बोंडल्याची चोच तोंडात घालून सगळं एकदम ओतलं.

मांजराने एक आवाज काढला तो मी त्याआधी ऐकला नव्हता. खोकला नव्हे, आचका. डोळे पांढरे झाले. नाकातून पाणी आलं. तोंडातून फेस यायला लागला, आणि मग ती एकदम स्तब्ध झाली.

"फेस! फेस आला!" सासरे ओरडले. "सोडा तिला! सोडा!"

त्यांनी तिला काकूंच्या पायांवरून अक्षरशः हिसकावून घेतलं आणि पालथं धरलं. ती खोकली. परत खोकली. धापा टाकत सासऱ्यांच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून पडली. काकू बोंडलं हातात धरून बसल्या होत्या. चौदा मुलांचा अनुभव त्यांच्या चेहऱ्यावरून एका मिनिटात उतरला होता.

तरी त्या काकूच. पुढच्या मिनिटाला म्हणाल्या, "ताप आहे ना? आमच्या नातवाचं तापाचं गुलाबी औषध आहे. चार थेंब दे. गोड असतं, कुरकुर न करता चाटेल."

मी ती बाटली घेतलीही. झाकण उघडलंही. देवाची कृपा एवढीच की तोपर्यंत सासऱ्यांनी फोन लावला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरला ते एका दमात सगळं सांगत होते, बोंडलं, नाक, फेस, आणि ओघात म्हणाले, "आता सूनबाई तापाचं औषध देतेय."

रिसीव्हरमधून आलेली किंकाळी मला चार पावलांवर ऐकू आली.

"थेंबसुद्धा नको! माणसांचं तापाचं औषध मांजराला विष आहे, आजोबा! ती बाटली बाजूला ठेवा आणि तिला आत्ताच्या आत्ता इकडे घेऊन या!"

मी झाकण लावलं. काकूंनी बाटली घेतली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही जिन्यात भेटत राहिलो, हवापाण्याचं बोलत राहिलो, पण त्या गुलाबी बाटलीचं नाव दोघींनी कधी काढलं नाही.

दवाखान्यात त्या मुलीने कपड्यांवरून मुंग्या झटकाव्या तसं आम्हाला झटकलं. पायाचं गळू तोवर पिकलं होतं. तिने ते फोडलं, धुतलं, मांडीचे केस काढले, सलाइन दिलं. छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग एक एक करून आमचे गुन्हे वाचून दाखवले.

"उताणं कुणी घेतलं? नाक कुणी दाबलं? बाळ गिळतं म्हणून मांजर गिळेल? औषध श्वासनलिकेत जातं अशाने. फुप्फुसात गेलं असतं तर आज रात्रीच गेली असती ती."

"फेस आला हो," सासरे क्षीणपणे म्हणाले.

"गोळी कडू आहे. कडू लागलं की मांजर फेस काढतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नाक दाबण्यात आहे. आणि ती गोळी कुटून, विरघळवून द्यायला मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

यावर निवृत्त अधिकाऱ्याने भिंतीवरचा गायींचा तक्ता पुन्हा वाचायला घेतला. मी बाजूला उभी होते आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात मजा घेत होते. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही शिकलेल्या दिसता," एवढंच म्हणाली. माझी मजा संपली.

"आता आजपासून दहा दिवस," तिने सांगितलं. "तीन दिवस वाया घालवलेत. आणखी एक वेळ चुकली तर मी जबाबदार नाही. चला आजोबा, टोपी काढा. आज तुम्ही द्यायची, माझ्यासमोर."

बाकावर या वेळी तीन शेळीवाले आणि एक म्हातारी कोंबडी घेऊन बसली होती. त्या सगळ्यांसमोर सासऱ्यांनी माकडटोपी काढून खिशात घातली.

आधी टॉवेल. मांजराला पोटावर बसवून टॉवेलमध्ये असं गुंडाळायचं की पुढचे पाय आत आणि डोकं फक्त बाहेर. तिचं तोंड आपल्यापासून पलीकडे, पाठ आपल्या पोटाला टेकलेली, म्हणजे मागे सरकायला जागा नाही. एका हाताचा अंगठा आणि बोट गालफडांच्या हाडांवर, मिशा न दाबता. डोकं थोडंसं वर, आभाळाकडे नव्हे, थोडंसंच. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालचे बारीक दात खाली दाबायचे, तोंड आपोआप उघडतं. गोळी जिभेच्या मुळाशी, अगदी मागे, टाकायची. तोंड मिटायचं, हलकेच. गळ्यावरून बोट फिरवायचं. नाक चाटलं की समजायचं, गिळली.

सासऱ्यांची पहिली गोळी जिभेच्या टोकावर पडली आणि टॉवेलवर आली. दुसऱ्यांदा बोट चावलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. तिसऱ्यांदा मांजराने नाक चाटलं.

"गेली," कोंबडीवाली म्हातारी म्हणाली. शेळीवाल्यांपैकी एकाने मान डोलावली.

"अजून नाही झालं," डॉक्टर म्हणाली. तिने बिनसुईची पिचकारी सासऱ्यांच्या हातात दिली. "कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून बसते आणि तिथेच जखम करते. वरून पाणी. समोरून नाही, गालाच्या बाजूने. थोडं घालायचं, गिळू द्यायचं, मग परत थोडं. घाई करायची नाही."

सासऱ्यांनी घाई केली नाही. मी सांगते, या माणसाने चाळीस वर्षं रस्त्याने चालताना, जेवताना, लग्नाच्या पंगतीत, प्रत्येक गोष्टीत घाई केली होती. त्या दिवशी पिचकारी धरलेला त्यांचा हात एकदाही पुढे धावला नाही.

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून कणीक मागितली. कणकेच्या अर्ध्या गोळीएवढ्या बारीक गोळ्या वळल्या आणि सोफ्याच्या उशीला टॉवेल गुंडाळून सराव सुरू केला. उशीला तोंड नव्हतं, तरी त्यांनी कुठल्या बोटाने काय करायचं ते पन्नास वेळा केलं असेल. मी दारातून बघत होते. मी अर्थातच हसले. इंजिनिअर होते ना ते, उशीवर प्रयोग करणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिली घरची गोळी. लोण्याचं बोट लावून, म्हणजे घसरते. मी टॉवेल धरायला उभी. मला हात लावू दिला नाही. "तू नको. तू हसतेस, तिला कळतं." गोळी गेली. पाणी गेलं. मांजराने नाक चाटलं. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हे भाषण करतील. आणि केलंच. चौथ्या दिवसापासून सोसायटीत जो भेटेल त्याला ते मांजराला गोळी देण्याचं शास्त्र समजावत. पेपरवाल्याला समजावलं. वॉचमनला समजावलं, जो म्हणाला, "लय भारी साहेब, पण आमच्याकडं मांजरच नाय." काकूंना समजावलं. काकूंनी निमूटपणे ऐकून घेतलं, आणि मला तो क्षण अजून गोड वाटतो. यशस्वी माणूस नापास झालेल्या माणसापेक्षा किती जास्त कंटाळवाणा असतो, ते मला त्या आठवड्यात कळलं.

पण कंटाळवाणे झाले तरी एक वेळ चुकवली नाही. ताप उतरला. पाचव्या दिवशी मांजर दूध प्यायलं, आधी वास घेऊन, मग माझ्याकडे रोखून बघून, मग. सासूबाईंचे फोन येत. आता मांजर स्वतःच बोलायला लागलं होतं, त्यामुळे सासऱ्यांना दुसऱ्यांदा म्याँव करावं लागलं नाही. मांडीवरचे केस मात्र यायचे होते. सासूबाई ठरल्या वेळी आल्या तर तोवर केस वाढतील, मग कशाला सांगायचं, असा साहेबांचा बेत होता. तो मी पूर्णपणे फोल ठरवला असता, पण मलाही अबोल्याच्या पोस्टमनगिरीची भीती होती, म्हणून गप्प राहिले.

सासूबाई ठरल्यापेक्षा नऊ दिवस आधी आल्या. बहिणीच्या सुनेशी जमलं नाही म्हणे. शिवाजीनगरहून दुपारची एशियाड बस पकडून, नाशिकरोडहून रिक्षा करून, कुणालाही न कळवता. मी दार उघडलं आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मांजर?"

मी आतल्या खोलीकडे बोट केलं.

आतल्या खोलीत सासरे खिडकीखाली जमिनीवर मांडी घालून बसले होते. आठव्या दिवसाची संध्याकाळची गोळी होती. माकडटोपी नव्हती. मांजर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, पाठ त्यांच्या पोटाला टेकलेली. त्यांचा एक हात तिच्या गळ्यावरून वर-खाली फिरत होता आणि ते अगदी हळू आवाजात, आम्हा कुणाला कधीच न ऐकवलेल्या आवाजात बोलत होते.

"गिळ गं माझी राणी. शहाणी माझी ती. झालं, झालं. दुखतंय का? उद्या नाही दुखणार हं. बघ, गेली. आता थोडं पाणी पिऊ या. घाई नाही आपल्याला, सावकाश पी."

मांजराने नाक चाटलं. सासरे हसले, पिचकारी उचलली, गालाच्या बाजूने थेंबभर पाणी घातलं आणि गिळेपर्यंत थांबले. मग वर बघितलं. दारात बायको उभी. त्यांची नजर आधी बायकोकडे गेली, मग मांजराच्या केस काढलेल्या मांडीकडे, मग परत बायकोकडे. पोपटाची आठवण त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. मला वाटलं, आता सुरू होणार, दिवाळीपर्यंत.

सासूबाईंनी मांडी पाहिली. मांजर जिवंत होतं, जाडही झालं होतं, आणि टॉवेलातून निघून आळोखेपिळोखे देत होतं. त्यांनी तिला हात लावला नाही. त्या नवऱ्याकडेच बघत राहिल्या. अबोला धरायचा असेल तर तोंड मिटायला हवं होतं, पण ते मिटेना, आणि सगळा जिना ऐकेल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अहो, मला मलेरिया झाला होता तेव्हा गोळ्या टीव्हीवर ठेवून फिरायला गेला होतात तुम्ही!"